स्टीगल्स आणि युद्धकाळातल्या जोडटीम्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारे आपले बरेच लोक आता एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, बघतात, फिलाडेल्फियाकडचे ईगल्सवाले आणि पिट्सबर्गकडचे स्टीलर्सवाले, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. त्यांना सांगितलं की 1943 मध्ये या दोन टीम्स मिळून एकच टीम होती तर आधी कोणी विश्वासच ठेवत नाही, आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहितोय.

स्टीगल्स म्हणजे नक्की काय?

दुसऱ्या महायुद्धात प्लेअर्स कमी पडले म्हणून फिलाडेल्फिया ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स या दोन व्यावसायिक टीम्सनी 1943 चा सीझन एकत्र खेळला, फक्त त्या एका सीझनपुरता, शेवटच्या दिवशी जोडणी आपोआप संपेल असं आधीच ठरलं होतं. लीगच्या कागदावर नाव होतं फिल-पिट. स्टीगल्स हे नाव पिट्सबर्गच्या एका पेपरच्या क्रीडा संपादकाने स्टीलर्स आणि ईगल्स जोडून काढलं आणि लोकांच्या तोंडी तेच बसलं.

हा आपला फुटबॉल ना, पायाने खेळायचा?

नाही, हा अमेरिकन फुटबॉल, लांबट बॉल हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा आणि समोरच्याने अंगावर येऊन पाडायचं. पायाने खेळायच्या फुटबॉलमध्ये इंग्लंडने युद्धात वेगळा मार्ग काढला, त्याबद्दल खाली लिहिलंय.

प्लेअर्स एवढे कमी का पडले?

डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. सक्तीची लष्करभरती 1940 पासूनच चालू होती, तिला आता जोर आला आणि वीस ते तीस वयाचे धडधाकट पुरुष म्हणजे पहिले उमेदवार, फुटबॉल टीममध्ये दुसरं कोण असतं? बरेचजण बोलावणं यायची वाटही न बघता स्वतःहून गेले. 1943 च्या उन्हाळ्यात स्टीलर्सकडे करारावर जेमतेम सहा प्लेअर उरले होते आणि ईगल्सकडे सोळा. मैदानावर एका वेळी अकरा लागतात, त्यामुळे स्टीलर्सची एक टीमसुद्धा पुरी उभी राहत नव्हती. लीगने प्रत्येक टीमची मर्यादा 33 वरून 28 वर आणली तरी तेवढेही मिळेनात.

मग लीग बंदच का नाही केली?

विचार झाला होता. क्लीव्हलंड रॅम्सने 1943 चा सीझन खरंच सोडला, कारण त्यांचे मालकच लष्करात होते. पण बाकीच्यांना भीती होती की एकदा दुकान बंद केलं तर परत उघडता येईल की नाही, तेव्हा एनएफएल आजच्यासारखी श्रीमंत नव्हती, बेसबॉल आणि कॉलेज फुटबॉलपुढे तिला कोणी फार विचारत नव्हतं. शिवाय राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जानेवारी 1942 मध्ये बेसबॉलच्या कमिशनरला, म्हणजे लीगच्या प्रमुखाला, पत्र लिहून कळवलं होतं की खेळ चालू राहिलेला बरा, कारखान्यात जास्तीचे तास राबणाऱ्या लोकांना करमणूक हवीच. ते पत्र बेसबॉलसाठी होतं पण बाकीच्या खेळांनीही त्यातून धीर घेतला.

या दोनच टीम्स का जोडल्या?

दोन्ही एकाच राज्यातल्या, पेनसिल्व्हेनियाच्या, मध्ये साधारण पाचशे किलोमीटर अंतर. आणि मालकांचे जुने धागे होते. आर्ट रूनी यांनी 1940 च्या शेवटी आपली पिट्सबर्गची टीम अ‍ॅलेक्सिस थॉम्पसन या तरुण श्रीमंत माणसाला विकली आणि मित्र बर्ट बेल यांच्या ईगल्समध्ये भागीदारी घेतली, मग काही महिन्यांत रूनींना स्वतःचं गाव सोडवेना म्हणून दोन्ही बाजूंनी शहरांची अदलाबदल केली, थॉम्पसन फिलाडेल्फियाला आले आणि रूनी-बेल पिट्सबर्गला. म्हणजे दोन्ही टीम्सची सरमिसळ आधीच एकदा झाली होती.

जून 1943 मध्ये लीगच्या बैठकीत मत घेतलं आणि जोडणी 5 विरुद्ध 4 अशी कशीबशी पास झाली. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं की दोन टीम्सचे चांगले प्लेअर एका जागी आले तर बाकीच्यांवर अन्याय. मला हा युक्तिवाद पटत नाही, सहा प्लेअर उरलेल्या टीमकडून कसली भीती.

पिट्सबर्गवर अन्याय झाला का?

थोडा झालाच. थॉम्पसन यांच्याकडे प्लेअर जास्त होते म्हणून अटी त्यांच्या चालल्या. मुक्काम फिलाडेल्फियात, जर्सी ईगल्सची हिरवी-पांढरी, घरच्या सहा मॅचेसपैकी चार फिलाडेल्फियाच्या शाईब पार्कवर आणि फक्त दोन पिट्सबर्गच्या फोर्ब्ज फील्डवर. पिट्सबर्गच्या लोकांना आपल्या टीमचे काळे-पिवळे रंग त्या वर्षी दिसलेच नाहीत. पण रूनींसमोर दुसरा पर्याय म्हणजे टीम गुंडाळणं, आणि ती त्यांनी गुंडाळली नाही म्हणून आज स्टीलर्स आहेत.

सैन्याने नाकारलेले लोक फुटबॉल कसे काय खेळत होते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तेव्हाही यायचा, तो सुद्धा रागाने. सैन्यात नापास झालेल्यांचा वर्ग होता फोर-एफ. लोकांना वाटायचं की जो माणूस रविवारी मैदानात दुसऱ्याला आडवा पाडतो तो बंदूक का नाही धरू शकत, नक्की ओळख लावून सुटलाय. खरं कारण साधं होतं. कानाचा पडदा फाटला असेल, पोटात अल्सर असेल, गुडघा कधीही निखळत असेल तर अशा माणसाला दोन तास खेळता येतं, मॅच झाल्यावर बर्फ लावून घरी झोपता येतं, डॉक्टर शेजारी असतो, पण त्याला महिनोन्‌महिने खंदकात, चिखलात, मिळेल ते खाऊन राहायला पाठवलं तर तो स्वतः तर जाईलच आणि बरोबरच्यांनाही अडचणीत आणेल.

आता स्टीगल्समध्ये कोण कोण होते ते बघा. टोनी बोव्हा एका डोळ्याने आंधळा आणि दुसऱ्यानेही त्याला नीट दिसत नव्हतं, आणि त्या वर्षी टीममध्ये सगळ्यात जास्त यार्डांचे पास झेलले ते त्यानेच, 17 कॅच आणि 419 यार्ड! सेंटर, म्हणजे बॉल मागे देऊन खेळ सुरू करणारा, रे ग्रेव्हज एका कानाने बहिरा, गार्ड एड मायकल्सला जेमतेम ऐकू यायचं, आणि क्वार्टरबॅकच्या, म्हणजे सेंटरकडून बॉल घेऊन खेळ चालवणाऱ्या प्लेअरच्या, हाकेवर हलायचं असतं अशा खेळात हे दोघं पुढच्या रांगेत शेजारी उभे. विक सिअर्सला अल्सर. जॅक हिंकल सैन्याच्या हवाई दलात गेला होता पण अल्सरमुळेच परत पाठवला गेला. लॅरी कॅब्रेलीचा गुडघा गेलेला. मिशिगनहून नवीन आलेला अल विस्टर्ट, त्याच्या मनगटाची जुनी दुखापत कधी बरी झालीच नाही. सगळेच नापास नव्हते, बको किलरॉय व्यापारी जहाजांच्या नोकरीत होता आणि सुट्टी मिळेल तेव्हा येऊन खेळायचा.

मला विचाराल तर या माणसांना त्यांच्या वाट्याचा मान त्या काळात मिळाला नाही. त्यांनी काही टाळलं नव्हतं, त्यांना नको म्हटलं गेलं होतं, आणि मग जे करता येईल ते त्यांनी दोन-दोन पाळ्यांमध्ये केलं.

दोन पाळ्या म्हणजे?

दिवसा कारखाना, संध्याकाळी फुटबॉल. कोच ग्रीझी नील यांची सक्त अट होती की प्रत्येक प्लेअरने युद्धसामग्रीच्या उद्योगात पूर्ण वेळ काम करायचं, आठवड्याला 40 तास. कामावरून सुटले की मैदानावर तीन तास प्रॅक्टिस, आठवड्यातले सहा दिवस, रविवारी मॅच. बाहेरगावची मॅच असली की ट्रेन, आणि त्या ट्रेन सैनिकांनी भरलेल्या.

टेड डॉयल हा पिट्सबर्गचा प्लेअर तर तिथल्या वेस्टिंगहाऊस कंपनीत कामाला होता, आठवडाभर तिथे आणि शनिवार-रविवारी ट्रेनने मॅचला. आपण नक्की काय बनवतोय हे त्याला माहीत नव्हतं, युद्ध संपल्यावर कळलं की त्याचं काम अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी होतं.

दोन कोच होते म्हणे, जमलं का त्यांचं?

अजिबात नाही. ईगल्सचे नील आणि स्टीलर्सचे वॉल्ट कीझलिंग, दोघंही हेड कोच, कोणी कोणाच्या हाताखाली नाही, आणि एकमेकांचं तोंड बघायची इच्छा नाही. शेवटी वाटणी झाली, नील यांनी ऑफेन्स बघायचा, म्हणजे बॉल आपल्याकडे असतानाचा खेळ, आणि कीझलिंगनी डिफेन्स, म्हणजे बॉल समोरच्याकडे असतानाचा.

आजच्या काळात ही वाटणी चालून गेली असती कारण ऑफेन्सचे अकरा वेगळे आणि डिफेन्सचे वेगळे. तेव्हा तसं नव्हतं, बॉल आपल्याकडे असो की समोरच्याकडे, बहुतेक तेच लोक मैदानात राहायचे. 1943 मध्ये लीगने हवे तेव्हा प्लेअर बदलायची मुभा दिली खरी, पण बदलायला माणसं तर हवीत. त्यामुळे त्याच थकलेल्या पोरांना अर्धा वेळ एक कोच शिकवणार आणि अर्धा वेळ दुसरा, आणि दोघांना एकमेकांपासून सुटका नाही. एकदा प्रॅक्टिसमध्ये नील यांनी पिट्सबर्गच्या एका प्लेअरला सगळ्यांसमोर वाट्टेल ते सुनावलं, कीझलिंगचं डोकं फिरलं आणि ते पिट्सबर्गच्या सगळ्या प्लेअर्सना घेऊन मैदानाबाहेर चालते झाले. राहिले ते फक्त ईगल्सवाले.

दोघंही पुढे प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेले, नील कोच म्हणून आणि कीझलिंग त्याच्या आधीच्या खेळासाठी.

सीझन कसा गेला?

10 मॅचेस, 5 विजय, 4 पराभव, 1 बरोबरी. ऐकायला साधं वाटतं, पण ईगल्स 1933 पासून खेळत होते आणि तोपर्यंत एकाही वर्षी त्यांचे विजय पराभवांपेक्षा जास्त नव्हते, हा त्यांचा पहिला. स्टीलर्सचा दुसरा.

सुरुवात 2 ऑक्टोबरला ब्रुकलिनवर 17-0 ने झाली. पुढची मॅच मला सगळ्यात आवडते, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध 9 ऑक्टोबरला. या एका मॅचमध्ये स्टीगल्सच्या हातून बॉल दहा वेळा सुटला, एका टीमने एका मॅचमध्ये सोडलेल्या बॉलचा तो लीगचा रेकॉर्ड आहे, आणि तरीही ते 28-14 ने जिंकले. बॉल का सुटत होता यालाही कारण आहे. नील यांनी टी-फॉर्मेशन आणलं होतं, त्यात क्वार्टरबॅक सेंटरच्या अगदी मागे चिकटून उभा राहतो, बॉल हातात घेतो आणि वळून दुसऱ्याला देतो किंवा फेकतो, सगळा खेळ हातातून हातात देण्याच्या वेळेवर. पिट्सबर्गवाले आतापर्यंत जुन्या पद्धतीने खेळत आलेले, त्यात सेंटर बॉल मागे लांब उभ्या असलेल्याकडे थेट टाकायचा. क्वार्टरबॅक रॉय झिमरमन तर वॉशिंग्टनहून नुकताच आलेला. एकमेकांना नीट न ओळखणारी माणसं कारखान्यातून थकून येऊन नवीन पद्धत शिकत होती, दहा वेळा बॉल सुटणार नाही तर काय होणार.

मग शिकागो बेअर्सने 48-21 ने धुतलं आणि जायंट्सने परतफेड केली 42-14. बेअर्स त्या वर्षीचे चॅम्पियन, त्यामुळे त्यात लाज नाही. त्यानंतर टीम सावरली. 21 नोव्हेंबरला पिट्सबर्गमध्ये डेट्रॉइटवर 35-34, एका पॉइंटने. आणि 28 नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये जाऊन वॉशिंग्टनला 27-14 ने हरवलं. ती आधीच्या वर्षीची चॅम्पियन टीम, सॅमी बॉ याच्यासारखा क्वार्टरबॅक, आणि त्या सीझनमध्ये तोपर्यंत एकही मॅच हरलेली नव्हती, फक्त एक बरोबरी, आणि ती बरोबरीसुद्धा स्टीगल्सनेच केलेली, 14-14.

शेवटची मॅच 5 डिसेंबर, शाईब पार्क, समोर ग्रीन बे. बघायला 34 हजारांवर लोक. जिंकले असते तर विभागात वॉशिंग्टन आणि जायंट्सबरोबर तिघं बरोबरीत आले असते आणि पुढचा रस्ता उघडा होता. 38-28 ने हरले.

जॅक हिंकलचं एक यार्ड काय भानगड आहे?

तोच अल्सरवाला हिंकल. बॉल घेऊन पळण्यात तो त्या वर्षी लीगमध्ये दुसरा आला, 571 यार्ड. पहिला आला जायंट्सचा बिल पॅशल, 572 यार्ड. एक यार्ड म्हणजे तीन फूट! आपली एक लांब धाव आकडे लिहिणाऱ्याने चुकून दुसऱ्या प्लेअरच्या नावावर टाकली असं हिंकल नंतर सांगत असे. तेव्हा व्हिडिओ बघून आकडे तपासायची सोय कुठे होती, हाताने लिहिलेलं तेच खरं.

बिल ह्युइटचं हेल्मेट?

ह्युइट हा 1930 च्या दशकातला मोठा प्लेअर, कायम हेल्मेटशिवाय खेळायचा. निवृत्त झाला होता, माणसं नाहीत म्हणून 1943 मध्ये परत आला, आणि नेमकं त्याच वर्षी लीगने हेल्मेट सक्तीचं केलं. त्याला ते सहन होईना, आधीसारखा खेळही होईना, सीझनच्या मध्येच त्याने खेळ सोडला.

1944 मध्येही असंच केलं का?

केलं, पण ईगल्सने नको म्हटलं. त्यांच्याकडे आता पुरेसे प्लेअर होते आणि नील परत कीझलिंगबरोबर काम करायला तयार होणं शक्यच नव्हतं. इकडे रॅम्स परत आले आणि बॉस्टनची नवीन टीम आली, एकूण अकरा झाल्या, आणि अकरा टीम्सचं वेळापत्रक लावायचं म्हणजे दर रविवारी एक टीम रिकामी. म्हणून लीगने स्टीलर्सना परत कोणाशी तरी जोडायचं ठरवलं, यावेळी शिकागो कार्डिनल्सशी, जे 1943 मध्ये दहाच्या दहा मॅचेस हरलेले.

कागदावरचं नाव कार्ड-पिट. निकाल: 10 मॅचेस, 10 पराभव. केले 108 पॉइंट, दिले 328. वर्तमानपत्रांनी नावाचा उच्चार ओढून त्यांना कार्पेट्स म्हणायला सुरुवात केली, कोणीही येऊन तुडवून जावं म्हणून. वाईट वाटतं ते यासाठी की पहिली मॅच ते फक्त दोन पॉइंटने हरले होते, रॅम्सकडून 30-28, आणि लगेचच त्यांच्या क्वार्टरबॅकला लष्कराचं बोलावणं आलं. नंतर सगळं घसरतच गेलं. जॉनी ग्रिगस हा त्यांचा एकमेव धावपटू म्हणावा असा प्लेअर, समोरच्या टीमला माहीत असायचं की बॉल यालाच मिळणार आणि सगळे त्याच्यावर तुटून पडायचे, तरी तो लीगमधल्या सगळ्यात जास्त यार्ड पळणाऱ्यांमध्ये होता. शेवटच्या मॅचच्या दिवशी तो पत्र ठेवून ट्रेनने घरी निघून गेला, शरीर आणि मन दोन्ही संपलं होतं. कोणी त्याला पळपुटा म्हणतं तेव्हा मला राग येतो. एवढा मार खाल्लेल्या माणसाला कोणी विचारलं होतं का की बाबा तू बरा आहेस ना.

मग 1943 ला जमलं आणि 1944 ला का नाही?

माझं मत असं की जोडणी केल्याने टीम तयार होत नाही, कोणीतरी एकजण आधी थोडाफार उभा असावा लागतो. 1943 मध्ये ईगल्सकडे सोळा माणसं, ठरलेली पद्धत आणि तिच्यावर ठाम असलेला कोच होता, पिट्सबर्गचे त्यात येऊन मिळाले. 1944 मध्ये दोन्हीकडे खिसा रिकामा. आणि दुसरं म्हणजे मुक्काम. स्टीगल्स एका शहरात राहून रोज एकत्र प्रॅक्टिस करायचे, भांडायचे पण एकत्र असायचे. कार्ड-पिटच्या घरच्या मॅचेस पिट्सबर्ग आणि शिकागो अशा दोन राज्यांत वाटलेल्या.

तिसरी जोडणीही झाली होती ना?

हो, 1945 मध्ये ब्रुकलिन टायगर्स आणि बॉस्टन यँक्स. नाव फक्त यँक्स ठेवलं. 3 विजय, 6 पराभव, 1 बरोबरी. युद्ध संपलं होतं पण लाखो सैनिक घरी यायला वेळ लागत होता.

जे खरोखर युद्धावर गेले त्यांचं काय?

सहाशेच्या वर एनएफएल प्लेअर सैन्यात गेले. सगळे परत आले नाहीत. जायंट्सचा अल ब्लोझिस डिसेंबर 1944 मध्ये फायनल खेळला आणि जानेवारी 1945 मध्ये फ्रान्समधल्या बर्फात आपल्या हरवलेल्या सैनिकांना शोधायला गेला तो परतलाच नाही. त्याच टीमचा जॅक लम्मस इवो जिमाच्या लढाईत मारला गेला, त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, मिळालं.

दुसऱ्या देशांत असं झालं का?

ऑस्ट्रेलियात झालं. अ‍ॅडलेडच्या लीगमध्ये आठ क्लब होते, 1942 ते 1944 त्यांच्या शेजारी-शेजारी चार जोड्या लावल्या, पोर्ट अ‍ॅडलेड आणि वेस्ट टॉरेन्स, नॉरवूड आणि नॉर्थ अ‍ॅडलेड अशा, आणि तीन सीझन तसेच काढले. इंग्लंडमध्ये क्लब जोडले नाहीत, तिथे पाहुण्या प्लेअरची पद्धत काढली, सैनिक जिथे तैनात असेल तिथल्या जवळच्या क्लबकडून खेळायचा.

याचा एक धागा आपल्याकडेही येतो. आर्सेनलचा फुटबॉलपटू आणि इंग्लंडचा बॅट्समन डेनिस कॉम्प्टन युद्धात महूला तैनात होता, आणि इंदूरच्या होळकर संघाकडून रणजी खेळला, कॅप्टन सी. के. नायडू. 1944-45 ची फायनल ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध, विजय मर्चंट यांनी 278 काढले, होळकरांसमोर 867 चं लक्ष्य, आणि कॉम्प्टनने नाबाद 249 केले. मुंबई जिंकली, पण ती खेळी जुन्या लोकांना पाठ होती.

त्या स्टीगल्सचं पुढे काय झालं?

ईगल्सनी 1948 आणि 1949 अशी सलग दोन वर्षं नील यांच्या हाताखाली लीग जिंकली, आणि त्यात विस्टर्ट, सिअर्स, किलरॉय हे 1943 चेच लोक होते. सैन्याने नाकारलेल्या विस्टर्टचा 70 नंबर ईगल्सनी निवृत्त केला. कार्डिनल्सही 1947 चे चॅम्पियन झाले. बर्ट बेल 1946 मध्ये लीगचे कमिशनर झाले. स्टीलर्सना मात्र पहिल्या विजेतेपदासाठी जानेवारी 1975 पर्यंत थांबावं लागलं. 2003 मध्ये पिट्सबर्गला ईगल्स-स्टीलर्सच्या एका सराव मॅचआधी तेव्हा हयात असलेल्या स्टीगल्सचा सत्कार झाला.

आज तिकडे गेलो तर काय बघायला मिळेल?

पिट्सबर्गला शिकणाऱ्या मुलांनी नक्की बघावं. फोर्ब्ज फील्ड पाडलं पण त्याच्या बाहेरच्या भिंतीचा एक भाग ओकलंड भागात युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गच्या आवारात उभा आहे, आणि बेसबॉलची होम प्लेट, म्हणजे बॅटर जिथे उभा राहतो ती पाटी, पॉझवार हॉल या इमारतीत जमिनीत काचेखाली आहे. फिलाडेल्फियात शाईब पार्कचं काही उरलं नाही, तिथे आता चर्च आहे.

ऑनलाइन शोधायचं तर कुठल्या नावाने?

लीगच्या जुन्या तक्त्यांमध्ये स्टीगल्स असं शोधलंत तर बऱ्याचदा सापडत नाही, तिथे 1943 साठी फिल-पिट आणि 1944 साठी कार्ड-पिट बघा. 1945 च्या जोडणीत ब्रुकलिनचं नावच नव्हतं, त्यामुळे ती यँक्सच्याच पानावर असते. आणि प्लेअर्सबद्दल वाचायचं असेल तर बोव्हा आणि विस्टर्टपासून सुरुवात करा.